पदवीच्या जोडीला प्राकृत

संवत्सरीच्या सायंकाळी प्रतिक्रमण पूर्ण झाले की आपण सारे लहानथोर हात जोडून परस्परांना ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतो. हे शब्द मराठी नाहीत, गुजराती नाहीत आणि मारवाडीही नाहीत. ते प्राकृत आहेत. संस्कृतात त्यांचे रूप ‘मिथ्या मे दुष्कृतम्’ असे होते. माझे दुष्कृत निष्फळ होवो, हा त्यांचा आशय. एवढा अर्थ बहुतेकांना ठाऊक असतो. परंतु त्याच प्रतिक्रमणातील इतर सूत्रांचा अर्थ कोणी विचारला, तर आपल्यातील उच्चशिक्षितांनाही मौन पत्करावे लागते. घरोघरी अभियंते, डॉक्टर, सनदी लेखापाल झाले. सूत्रांची भाषा मात्र दूरच राहिली. असे का झाले, याचा शोध सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने घेणे अगत्याचे वाटते.

भगवान महावीरांनी अर्धमागधीत उपदेश केला, असे समवायांग व औपपातिक ही आगमे सांगतात. विद्वानांच्या संस्कृतऐवजी त्यांनी लोकांची भाषा निवडली, ती धर्म सर्वांना कळावा म्हणून. दिगंबर परंपरेतील षट्खंडागम आणि आचार्य कुंदकुंदांचे ग्रंथ शौरसेनी प्राकृतात आहेत, तर विमलसूरींचे ‘पउमचरिय’ महाराष्ट्री प्राकृतात आहे. संप्रदाय भिन्न असले तरी प्राकृत हा सर्वांचा समान वारसा होय.

आपल्या भूमीलाही ही भाषा परकी नाही. आज पालघर जिल्ह्यात असलेल्या सोपारा येथे पंडित भगवानलाल इंद्रजी यांना 1882 मध्ये सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्याची लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत आहे. याच सोपाऱ्याविषयी श्वेतांबर परंपरेत एक कथा आहे. बारा वर्षांच्या दुष्काळात आर्य वज्रसेन येथे आले. अन्न इतके महागले होते की एक श्रेष्ठी कुटुंब अखेरच्या भातात विष कालवून जीवन संपविण्याच्या बेतात होते. आचार्यांनी त्यांना थांबविले. दुसऱ्या दिवशी धान्याची गलबते बंदराला लागली. पुढे त्या कुटुंबाने दीक्षा घेतली आणि नागेंद्र, चंद्र, निवृत्ती व विद्याधर या चार पुत्रांच्या नावांनी चार कुले प्रसिद्ध झाली.

मराठीशी असलेले नातेही असेच जवळचे आहे. संस्कृत ‘हस्त’चा प्राकृतात ‘हत्थ’ झाला आणि मराठीत ‘हात’. ‘दुग्ध’चे ‘दुद्ध’ व पुढे ‘दूध’. ‘कर्म’चे ‘कम्म’ व पुढे ‘काम’. नवकार मंत्रातील ‘साहू’ हा शब्द तर ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ म्हणणाऱ्या आपल्या भाषेत ‘साव’ होऊन आजही नांदतो. उद्योतनसूरींनी इ. स. 779 मध्ये जाबालिपूर, म्हणजे आजच्या जालोर येथे ‘कुवलयमाला’ ही प्राकृत कथा पूर्ण केली. तीत बाजारात जमलेल्या नाना देशींच्या व्यापाऱ्यांच्या बोलण्याचे नमुने आहेत आणि त्यांत मरहट्टे लोकांची बोलीही आहे. मराठीची इतकी जुनी नोंद एका जैन आचार्याने करून ठेवावी, ही आपल्याला अभिमानास्पद गोष्ट आहे.

ही कथा आधुनिक जगासमोर आणली ती डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी. सदलग्याला 1906 मध्ये जन्मलेले उपाध्ये मुंबई विद्यापीठाचे एम. ए. झाले आणि 1930 मध्ये कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे अध्यापक म्हणून रुजू झाले. 1962 पर्यंत त्यांनी तेथे अध्यापन केले. ‘प्रवचनसार’ची त्यांची आवृत्ती 1935 मध्ये निघाली. डॉ. अ. मा. घाटगे यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी अर्धमागधीचे व्याकरण लिहिले, तेही याच काळात. त्या दिवसांत कला शाखेचा विद्यार्थी पदवीसाठी संस्कृत किंवा फारसी घेई, तशी अर्धमागधीही घेऊ शकत असे. भाषा पदवीच्या आतच होती.

पुढे काळ बदलला. पालघरचे सोनोपंत दांडेकर महाविद्यालय 1968 मध्ये सुरू झाले. 1969 मध्ये तारापूरचे अणुविद्युत केंद्र कार्यान्वित झाले. बोईसरजवळ औद्योगिक वसाहत वाढली. आपली मुले स्वाभाविकच विज्ञान, वाणिज्य व अभियांत्रिकीकडे वळली. त्यात त्यांचा दोष नाही. उपजीविकेचा तोच मार्ग होता. परंतु त्या अभ्यासक्रमांत प्राकृतला जागा नव्हती. भाषा पदवीच्या बाहेर पडली आणि बाहेर तिला हात देणारे कोणी फारसे उरले नाही. तिची उपेक्षा कोणी जाणूनबुजून केली नाही, वेळापत्रकाने केली.

म्हणूनच आता पदवीच्या जोडीला प्राकृत शिकणे हाच मार्ग उरतो. तो बिकट आहे, पण पूर्वीइतका नाही. मुंबईत सोमैया विद्याविहारात आणि पुण्यात सन्मति-तीर्थमध्ये प्राकृत व जैनविद्येच्या वर्गांची परंपरा निर्माण झाली. 2013 मध्ये उपनगरी गाडी डहाणूपर्यंत आली. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम पूर्ण करण्यास मुभा दिली. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र शासनाने मराठी आणि प्राकृत यांना एकाच दिवशी अभिजात भाषेचा दर्जा दिला. मायलेकींचा सन्मान एकाच दिवशी व्हावा, हा योग मोठा मनोज्ञ होय.

मात्र सोयींनी भाषा जगत नाही, शिकणाऱ्यांनी जगते. दिवसभर महाविद्यालय, मग शिकवणी, मग गाडीतील गर्दी, अशा थकलेल्या विद्यार्थ्याने रोज मुंबई गाठावी, अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे ठरेल. वर्ग त्याच्या दारी यायला हवा. रविवारी सकाळी पूजेनंतर दोन तास, एक जाणता शिक्षक आणि आरंभीला आपल्याच प्रतिक्रमणाची सूत्रे, एवढ्यावरही प्रारंभ होऊ शकेल. पाठ असलेल्या ओळींचा अर्थ उलगडू लागला की व्याकरण रुक्ष वाटत नाही, हा प्राकृत शिकणाऱ्या अनेकांचा अनुभव आहे.

पन्नास वर्षांत मंदिरे, धर्मशाळा उभारण्यात समाजाने सढळ हाताने दान दिले. शास्त्रांत ज्ञानदानही श्रेष्ठ मानले आहे. पुढील संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी दहा जणांना जरी त्याआधी म्हटलेल्या सूत्रांचा अर्थ स्वतः लावता आला, तरी हा सुवर्णमहोत्सव सार्थकी लागला असे म्हणता येईल.

या लेखनात जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास, मिच्छामि दुक्कडं.