संगणकाचे अपडेट पुन्हा पुन्हा का अडते? उत्तर त्रुटीच्या क्रमांकात

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट कंपनी विंडोज प्रणालीसाठी सुरक्षाविषयक सुधारणा प्रसिद्ध करते. भारतीय वेळेनुसार तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात. त्यामुळे आपल्याकडे अपडेटची सूचना बहुधा बुधवारी दिसते. काही घरांत मात्र हे अपडेट डाउनलोड होते, निम्म्यावर अडते, संगणक पूर्वस्थितीत परततो आणि पुढच्या वेळी पुन्हा तोच प्रकार घडतो. अशा वेळी सूचनेकडे काणाडोळा करणे किंवा थेट संगणक ‘फॉरमॅट’ करून घेणे, हे दोन्ही मार्ग टोकाचे आहेत. त्रुटीसोबत दिसणारा क्रमांक नीट वाचला, तर दोषाची दिशा बहुतेकदा कळते.

दुर्लक्षाची किंमत मोठी असू शकते. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक गंभीर उणीव दूर करणारे अपडेट दिले होते. त्याच उणिवेचा फायदा घेत १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. शेजारच्या आंध्र प्रदेशातील पोलिसांच्या काही संगणकांनाही त्याचा फटका बसला. उपाय दोन महिने आधीच उपलब्ध होता. ज्या संगणकांवर तो बसवला गेला नव्हता, ते सापडले.

आधी दोन कामे

पट्टादार पासबुकाची प्रत, मुलांची प्रमाणपत्रे, छायाचित्रे असे जे काही पुन्हा मिळणे कठीण, ते पेनड्राइव्ह किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावे आणि ती काढून बाजूला ठेवावी. त्यानंतर सेटिंग्जमधील विंडोज अपडेटमध्ये जाऊन ‘अपडेट हिस्टरी’ उघडावी. कोणते अपडेट अडले, कोणत्या तारखेला आणि कोणता क्रमांक दाखवून, हे वहीत लिहावे. दर वेळी क्रमांक तोच असेल, तर दोषही बहुधा एकाच जागी आहे.

क्रमांक काय सांगतो

सुरुवातीचे ‘०एक्स’ हे चिन्ह वगळून काही नेहमीचे क्रमांक येथे दिले आहेत.

८००७००७०: सी ड्राइव्हवर जागा अपुरी आहे. सेटिंग्जमधील स्टोरेज विभागातून तात्पुरत्या फायली काढाव्यात. विंडोजची नवी आवृत्ती बसवायची असेल, तर किमान २० जीबी जागा मोकळी ठेवावी.

८००७२ईई२: मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडून वेळेत प्रतिसाद आला नाही. जैनथ, बेला, भीमपूर अशा पैनगंगेकाठच्या मंडलांत ज्या घरांतील संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतो, तेथे हा क्रमांक दिसल्यास आधी जोडणी तपासावी. रेंज स्थिर असेल अशा वेळी किंवा ब्रॉडबँड असलेल्या ठिकाणी पुन्हा प्रयत्न करावा. जोडणीवर ‘मीटर्ड कनेक्शन’ सुरू असेल, तर विंडोज स्वतःहून अपडेट रोखून धरू शकते.

८००७२एफ८एफ: तारीख व वेळ चुकीची असल्यास सुरक्षित जोडणी होत नाही आणि हा क्रमांक दिसतो. संगणक बंद केल्यावर घड्याळ दर वेळी मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची बॅटरी संपलेली असते. जुन्या डेस्कटॉपमध्ये ती बहुधा ‘सीआर २०३२’ या नावाची असते आणि सहज बदलता येते.

८००७३७१२ किंवा ८००एफ०८१एफ: विंडोजच्या स्वतःच्या फायली बिघडल्या आहेत किंवा गहाळ आहेत. यूपीएस नसलेल्या संगणकावर अपडेट चालू असताना वीज गेली, तरी असे होऊ शकते.

८००७०६४३: याची कारणे अनेक. ९ जानेवारी २०२४ रोजी विंडोज १० साठी आलेले ‘केबी५०३४४४१’ हे अपडेट असंख्य संगणकांवर हाच क्रमांक दाखवून अडले. त्यासाठी डिस्कच्या रिकव्हरी विभागात २५० एमबी मोकळी जागा लागत होती आणि अनेक संगणकांत ती नव्हती. तेथे सी ड्राइव्ह कितीही रिकामा केला, तरी उपयोग नव्हता. दोष दर वेळी वापरकर्त्याचा नसतो, हे यातून दिसते.

उपायांचा क्रम

सौम्य उपायापासून सुरुवात करावी. संगणक ‘रीस्टार्ट’ करावा, अनावश्यक यूएसबी साधने काढावीत आणि सेटिंग्जमधील ‘ट्रबलशूट’ विभागातून विंडोज अपडेटची तपासणी चालवावी.

एवढ्याने भागले नाही, तर अर्धवट उतरलेल्या फायली काढाव्यात. ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘विंडोज अपडेट’ ही सेवा थांबवावी. सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरमध्ये ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन’ आहे. त्यातील ‘डाउनलोड’ फोल्डर रिकामे करून संगणक पुन्हा सुरू करावा. वैयक्तिक कागदपत्रांना याचा धक्का लागत नाही.

फायली बिघडल्या असतील, तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्जच्या ‘सिस्टम’मधील ‘रिकव्हरी’ विभागात विंडोज अपडेटद्वारे दुरुस्ती करण्याची सोय आहे. ती प्रणाली नव्याने बसवते. प्रोग्राम, कागदपत्रे आणि सेटिंग्ज मात्र जागेवर राहतात. विंडोज १० मध्ये हेच काम ‘मीडिया क्रिएशन टूल’ने होते. तेव्हा फायली व प्रोग्राम जपण्याचा पर्याय निवडला आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

विंडोज १० वापरणाऱ्यांसाठी

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती संगणकांसाठी सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घेण्याची योजना कंपनीने आणली; पण त्यासाठी संगणकावर ‘२२एच२’ ही अखेरची आवृत्ती हवी. जुन्या आवृत्तीवर अडकलेला संगणक या योजनेत बसत नाही. म्हणून त्रुटी आधी सोडवणे भाग आहे.

फसवणुकीपासून सावध

‘तुमचे अपडेट बिघडले आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशी सूचना पडद्यावर आली, तर ती खोटी समजावी. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या त्रुटी-सूचनेत दूरध्वनी क्रमांक कधीच नसतो. पैसे गेल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार करावी.

हे सर्व करूनही तोच क्रमांक येत राहिला, तर संगणक दुरुस्तीला न्यावा. मात्र वहीतील नोंदी आणि केलेल्या उपायांची यादी सोबत न्यावी आणि हार्ड डिस्कची तपासणी आधी करायला सांगावे. डिस्कच खराब होत असेल, तर ‘फॉरमॅट’ करूनही त्रुटी काही दिवसांनी परत येते.