ताडोबात सोडलेलं गिधाड तामिळनाडूत कसं पोहोचलं? गिधाडांना वाचवणं इतकं अवघड का आहे?

ऑगस्ट २०२४. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातून पांढऱ्या पाठीची काही गिधाडं मोकळ्या आकाशात सोडण्यात आली. हरियाणातल्या पिंजोर इथल्या प्रजनन केंद्रातून आणलेले हे पक्षी. बोटेझरी इथल्या मोठ्या पिंजऱ्यात काही महिने ठेवून त्यांना इथल्या हवेची सवय करून दिली होती आणि पाठीवर ट्रान्समीटर बसवले होते. त्यातलं एन-११ नावाचं गिधाड ताडोबात काही रमलं नाही. छत्तीसगड, गुजरात, कर्नाटक असं फिरत ते तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात जाऊन पोहोचलं. एकूण प्रवास सुमारे ४,००० किलोमीटरचा!

बातमी भरपूर शेअर झाली आणि कौतुकही झालं. पण त्या प्रवासाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. आपण पक्षी सोडला व्याघ्र प्रकल्पात. तो फिरला मात्र गावांवरून, शेतांवरून, हायवेवरून आणि विजेच्या तारांमधून. वाघासाठी जंगल राखता येतं. गिधाडासाठी नेमकं काय राखायचं?

पंख न हलवता शेकडो किलोमीटर

गिधाड हा वजनदार पक्षी. पंखांचा पसारा दोन मीटरच्या आसपास. सतत पंख मारत उडणं त्याला परवडत नाही. म्हणून सकाळी ऊन तापेपर्यंत ते झाडावर किंवा कड्यावर बसून राहतं. जमीन तापली की गरम हवेचे झोत वर उठतात. त्यात शिरून गोल गोल फिरत ते उंची गाठतं आणि मग पुढच्या झोतापर्यंत नुसतं तरंगत जातं. दक्षिण अमेरिकेतल्या अँडियन कॉन्डोर या त्याच्यासारख्याच मृतभक्षी पक्ष्यावर २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उडण्याच्या एकूण वेळेपैकी जेमतेम १ टक्का वेळ हे पक्षी पंख हलवतात, असं त्यात दिसलं. एका कॉन्डोरने तर पाच तासांत सुमारे १७२ किलोमीटर अंतर एकदाही पंख न मारता कापलं.

इतकं फिरायचं कारण साधं आहे. मेलेलं जनावर कुठे सापडेल याचा नेम नसतो. घरटं करणाऱ्या जोडीला रोज परत यावं लागतं, तरुण पक्ष्यांना तेही बंधन नाही.

एकाला दिसलं की सगळ्यांना कळतं

भारतातली गिधाडं अन्न शोधतात ती नजरेने, वासाने नाही. पण प्रत्येकाला जनावर स्वतः दिसायला हवं असंही नाही. आकाशात दूरदूर पसरलेली गिधाडं एकमेकांवर लक्ष ठेवून असतात. एक खाली उतरायला लागलं की शेजारचं वळतं, त्याला पाहून त्याच्या पलीकडचं. थोड्याच वेळात मोठ्या परिसरातले पक्षी एका जागी जमतात. (आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपपेक्षा जलद, आणि अफवाही नाहीत.)

हीच सवय त्यांच्या मुळावर आली. गुरांच्या दुखण्यावर, सुजेवर ‘डायक्लोफेनॅक’ हे औषध सर्रास दिलं जायचं. औषध दिल्यानंतर लवकरच गुरू दगावलं, तर ते औषध मांसात उरतं. ते मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात, युरिक ॲसिड शरीरात साचतं आणि काही दिवसांत पक्षी मरतो. पाकिस्तानात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये हे उघड केलं. त्याआधी राजस्थानातल्या भरतपूरला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या विभू प्रकाश यांना गिधाडं झपाट्याने घटल्याचं दिसलं होतं, पण कारण सापडत नव्हतं.

या सगळ्यातला सगळ्यात धक्कादायक आकडा वेगळाच आहे. इतका मोठा नाश व्हायला किती जनावरं विषारी असावी लागतात? अभ्यासकांचं गणित सांगतं, १ टक्क्याहूनही कमी. शंभरातलं एखादं. कारण त्या एकावर कितीतरी पक्षी उतरतात. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के कमी झाली. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षं लागतात. त्यामुळे ही तूट भरून यायला पिढ्या जातात.

मग बंदी घातली ना?

घातली. २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. पण माणसांसाठीचं तेच औषध मेडिकलमध्ये मिळत होतं, तेही गुरांना पुरेल अशा मोठ्या बाटल्यांत. २००७ ते २०१० दरम्यान ११ राज्यांतल्या दुकानांची पाहणी झाली, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी ते सापडलं. अखेर २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटली ३ मिलीपुरती मर्यादित केली गेली. मग दुसऱ्या औषधांची पाळी आली. ॲसिक्लोफेनॅकचं तर गाईच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकच होतं! ते आणि केटोप्रोफेन यांच्यावर बंदी यायला २०२३ उजाडलं. एका नावावर बंदी घालायची आणि दुसरं नाव कपाटात तसंच राहू द्यायचं, हा खेळ फार वर्षं चालला. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना न मारणारा पर्याय मात्र २००६ पासूनच माहीत आहे.

म्हणूनच संवर्धनाचा हिशेब आता जंगलाच्या हद्दीत मांडत नाहीत. ‘गिधाड सुरक्षित क्षेत्र’ ही कल्पना अशी: घरट्यांच्या वसाहतीभोवती साधारण १०० किलोमीटर त्रिज्येच्या टापूतली औषधांची दुकानं, पशुवैद्यक आणि गोठे तपासायचे. तिथे कुंपण नसतं, बिलं पाहिली जातात. अर्थात, ४,००० किलोमीटर भटकणाऱ्या एन-११ला हा टापूही पुरत नाही. नियम देशभर पाळले गेले तरच त्याचा उपयोग.

आणि देशापुरतंही ते थांबत नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या हलाली धरणाजवळून सोडलेलं एक युरेशियन ग्रिफॉन गिधाड पाकिस्तान, अफगाणिस्तान ओलांडून कझाकस्तानात गेलं. आफ्रिका, युरोप, आशियातल्या १५ जातींसाठी २०१७ मध्ये एक आंतरराष्ट्रीय कृती आराखडा मंजूर झाला. त्यात तब्बल १२८ देश येतात. तरी २०१९ मध्ये बोत्सवानात शिकाऱ्यांनी तीन हत्तींच्या शवांत विष घातलं आणि ५३७ गिधाडं मेली. घिरट्या घालणारी गिधाडं वनरक्षकांना शिकारीची जागा दाखवून देतात, हा शिकाऱ्यांचा राग.

आपलं काय बिघडलं?

मेलेली गुरं उघड्यावर पडून राहिली, कुत्री वाढली, पाणी दूषित झालं. अर्थतज्ज्ञ इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी पूर्वी गिधाडं भरपूर असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांची तुलना केली. २००० ते २००५ या काळात गिधाडं गेल्यामुळे भारतात सुमारे पाच लाख माणसांचे जास्तीचे मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज आहे.

घरी गुरं असतील तर डॉक्टरांना इंजेक्शनचं नाव विचारा आणि मेलॉक्सिकॅम चालेल का तेही विचारा. औषध दिल्यानंतर जनावर दगावलं तर ते उघड्यावर टाकू नका, पुरून टाका. आणि गावात पाठीवर यंत्र लावलेलं गिधाड उतरलं तर घाबरू नका. २०११ मध्ये सौदी अरेबियात असंच एक गिधाड चक्क हेर समजून पकडलं गेलं होतं. पक्षी दमलेला असतो, त्याच्याभोवती सेल्फीसाठी गर्दी करू नका. महाराष्ट्रात असाल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.