योद्धा, वचननिष्ठ (रोलप्लेइंग खेळांतील पात्र)

टेबलाभोवती बसून फासे, कागद आणि संभाषण यांच्या बळावर खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग खेळांतील एक पात्रप्रकार. जादूचा आधार न घेता हातघाईने लढणे आणि स्वतःवर घालून घेतलेली बंधने जिवावर बेतले तरी पाळणे, ही त्याची दोन लक्षणे. पहिले नियमपुस्तकात आयते मिळते. दुसरे खेळाडूला स्वतः घडवावे लागते, आणि पात्र फसते ते बहुधा तिथेच.

या खेळांचा आद्य नमुना म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४). त्यात लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू असे तीनच वर्ग होते. पुढच्याच वर्षी ‘ग्रेहॉक’ या पुरवणीतून पॅलडिन आला. त्याच्यावर सदाचरणाची सक्ती होती, पण त्याबरोबर स्पर्शाने जखमा भरण्यासारखी दैवी देणगीही होती. त्यामुळे सचोटीचा योद्धा म्हणजे पॅलडिनच, असा समज रूढ झाला. तो पुरता खरा नाही. ‘अनअर्थ्ड आर्काना’मधला (१९८५) कॅव्हेलियर आणि ‘प्लेअर्स हँडबुक २’मधला (२००६) नाइट हे जादूविना मान राखणाऱ्या योद्ध्याला नियमांत जागा देण्याचे प्रयत्न होते. या नाइटने बेसावध शत्रूवर वार केला किंवा असहाय शत्रूचा जीव घेतला, तर आव्हान देण्याच्या त्याच्या खास क्षमतेचा त्या दिवसापुरता एक वापर कमी होई. सद्गुण मोडण्याला नियमातच किंमत लावण्याची ही कल्पना आजही अभ्यासण्याजोगी आहे.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीत असे पात्र घडवायला फायटर हा वर्ग सर्वांत सोयीचा. खेळाडू १५, १४, १३, १२, १०, ८ हे ठरलेले आकडे सहा गुणांत वाटतो. १५ बळाला आणि १४ तब्येतीला द्यावेत, हे कुणीही सांगेल. तेरा मात्र करिष्म्याला द्यावेत असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. तलवार उपसण्याआधी बोलणी करू पाहणाऱ्याचे म्हणणे कुणी ऐकूनच घेतले नाही, तर त्याचा बाणा कागदावरच राहतो. साखळी चिलखत आणि ढाल मिळून आर्मर क्लास, म्हणजे वार लागण्यासाठी शत्रूला गाठावा लागणारा आकडा, १८ होतो. लढण्याची शैली निवडताना अनेकांची नजर नुकसान वाढवणाऱ्या शैलींकडे जाते. या पात्राला शोभते ती प्रोटेक्शन. पाच फुटांच्या आतल्या सोबत्यावर हल्ला झाला की ढाल पुढे करून शत्रूला वीस पैलूंचा फासा दोनदा टाकायला लावायचा आणि त्यातला लहान आकडा धरायचा. साध्या गॉब्लिनचा वार आर्मर क्लास १३ असलेल्या जादूगाराला लागण्याची शक्यता ६० टक्के असते. ढाल मध्ये आली की ती ३६ टक्क्यांवर येते. फेरीत एकदाच वापरता येते, तरी फरक डोळ्यांत भरतो.

तिसऱ्या पातळीवर उपप्रकार निवडायचा असतो. बॅटल मास्टरला आठ पैलूंचे चार फासे आणि तीन डावपेच मिळतात. त्यांतला गोडिंग अटॅक शत्रूला डिवचून त्याचा रोख स्वतःकडे वळवतो. २०१७च्या ‘झॅनाथर्स गाइड’मधला कॅव्हेलियर हेच काम अधिक थेट करतो: ज्याच्यावर त्याचा वार बसला, तो जवळ असेपर्यंत इतरांवर नीट हल्ला करू शकत नाही. एल्ड्रिच नाइट मंत्र वापरतो, म्हणून तो इथे बाद. जादू नाकारण्याची झळही बसते. या आवृत्तीतल्या वेअरवुल्फवर साध्या पोलादाचा परिणाम होत नाही; तलवारीला चांदी चढवायला १०० सुवर्णनाणी लागतात, ती आधीच बाजूला ठेवावीत. उडणाऱ्या शत्रूसाठी भाले बाळगावेत. दुरून भाला फेकल्याने मानाला बाध येत नाही.

आता बंधनांविषयी. ‘तो प्रामाणिक आहे’ एवढे लिहून काहीच साधत नाही. नेमके वचन हवे. इतिहासात याचा एक ठसठशीत दाखला आहे. १३५६ मध्ये प्वातिएच्या लढाईत फ्रान्सचा राजा दुसरा जाँ इंग्रजांच्या हाती सापडला. खंडणी ठरली, ओलीस ठेवले गेले आणि राजा सुटला. ओलिसांत त्याचा मुलगा लुईही होता. तो १३६३ मध्ये शब्द मोडून निसटला. त्यानंतर जाँ आपण होऊन लंडनला परतला आणि १३६४ मध्ये तिथेच वारला. अशा माणसाचे पात्र घडवताना तलवारीआधी तो कोणाचे काय देणे लागतो, हे लिहावे. पाचव्या आवृत्तीच्या पात्रकागदावर ध्येय, बांधिलकी आणि उणीव यांच्या जागा असतात, त्या यासाठीच. त्यांना जागून खेळणाऱ्याला खेळ चालवणारा डंजन मास्टर इन्स्पिरेशन देऊ शकतो. तिच्या जोरावर एका वेळी फासा दोनदा टाकून मोठा आकडा घेता येतो.

शरण आलेल्याला अभय देण्याची सोय तर मूळ नियमांतच आहे. जवळून केलेल्या वाराने शत्रूचे हिट पॉइंट (जीवबळाचे गुण) शून्यावर आले, तर त्याला मारायचे की नुसते बेशुद्ध करायचे हे वार करणाराच ठरवतो. त्यासाठी दंड नाही, वेगळा फासाही नाही. तरी खेळाडू ही सोय विसरतात, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

बंधन स्वतःवर असावे, सोबत्यांवर नको. हल्ल्याआधी ललकारी देण्याचा नेम असेल, तर बेसावध शत्रूची पहिली पाळी वाया घालवण्याची संधी सगळ्या गटाची जाते. म्हणून असा नेम पहिल्याच बैठकीत इतरांना विचारून ठरवावा. गटातल्या चोराला उठताबसता नीतिपाठ देणारा योद्धा सगळ्यांनाच नकोसा होतो. चोराने खोटे बोलावे आणि याने गप्प राहावे. मात्र याला थेट विचारले तर हा खरे सांगेल, हे चोराला ठाऊक असावे. त्या एका जाणिवेतून फार सुंदर प्रसंग उभे राहतात.

ज्याला हा पात्रप्रकार मनापासून आवडतो, त्याने ग्रेग स्टॅफर्ड यांचा ‘पेंड्रॅगन’ (१९८५) खेळावाच. आर्थर राजाच्या काळातल्या या खेळात खेळाडू नाइटच असतात. दया-क्रौर्य, सत्य-असत्य अशा स्वभावाच्या १३ जोड्या असून प्रत्येक जोडीची बेरीज २० होते. एक बाजू वाढली की दुसरी घटते. कसोटीच्या क्षणी फासा टाकून पात्राचा स्वभावच कौल देतो, आणि दयाळू म्हणून नाव मिळालेल्या नाइटला क्रूर होणे सोपे राहत नाही. ‘पेंड्रॅगन’च्या पाचव्या आवृत्तीत उद्योगीपणा, औदार्य, न्याय, दया, विनय आणि शौर्य यांची बेरीज ८० भरली, की चिलखताचे तीन गुण जादा मिळतात. म्हणजे इथे सचोटी खरोखरच अंगावर ल्यायची असते. वर्षे सरतात, नाइट म्हातारा होतो किंवा रणात पडतो, आणि खेळाडू त्याच्या वारसाचा कागद हाती घेतो. त्या कागदावर पहिली नोंद होते ती बापाने मिळवलेल्या कीर्तीच्या दहाव्या हिश्शाची.