पट्ट्यावरचा मुक्काम

आमचं आजोळ अकोले तालुक्यात, पट्टा किल्ल्याच्या अंगाला. दिवाळी सरून नागलीची कणसं खळ्यावर आली की आजोबांना शिवाजी महाराज आठवायचे. "आले तवा आसंच दिस व्हते, थंडीचं," इथून सुरुवात.

साल १६७९, नोव्हेंबर. जालना लुटून महाराज माघारी फिरले होते. वाटेत संगमनेराजवळ मोगलांनी गाठलं, मोठी लढाई झाली, महाराजांचे सरदार सिधोजी निंबाळकर पडले. तेव्हा हेर बहिर्जी नाईकांनी महाराजांना आडवाटांनी काढून पट्ट्यावर सुखरूप आणलं. ती वाट कोणती, यावर आमच्या ओट्यावर भांडणं व्हायची. आजोबा म्हणायचे, म्हाळुंगीच्या कडेकडेनं. धाकटे मामा दुसरीच खिंड दाखवायचे. दोघांचंही मला खरं वाटायचं.

महाराज गडावर थांबले, विसावले, आणि पट्ट्याचा विश्रामगड झाला. एवढा धावपळीचा राजा आमच्या डोंगरावर निवांत बसला, याचा आजोबांना केवढा अभिमान! पुढच्याच चैत्री पौर्णिमेला, ३ एप्रिल १६८० ला, महाराज रायगडावर निवर्तले. हे सांगताना आजोबांचा आवाज जड व्हायचा.

आजीचं म्हणणं वेगळंच. गडावर भाकरी आपल्या वाडीतून गेल्या, नागलीच्या. कुणी थापल्या? कधी ती पणजीच्या पणजीचं नाव घ्यायची, कधी कुणा आत्याचं. मला आता नीट आठवत नाही. बोलता बोलता उकळत्या पाण्यात पीठ टाकून उकड काढायची, काटवटीत तळहाताच्या टाचेनं रगडून मळायची. तव्यावरच्या भाकरीवरून पाण्याचा हात फिरला की मातकट गोड वास घरभर. फुगलेला पापुद्रा बोटानं फोडून आत खुरासणीची चटणी भरून द्यायची. ती चव पुन्हा कुठे मिळाली नाही.

मोठेपणी सभासदाची बखर वाचली. तिथं जालना आहे, बहिर्जी आहेत, पट्टा आहे. आजीच्या भाकरी तेवढ्या नाहीत. म्हणून इथं लिहून ठेवतो.

गड १६८८ साली मोगलांच्या मातबरखानानं घेतला, तो भाग आजोबा भराभर उरकायचे. आजीला त्यात रस नसायचाच. ती अजून मागेच असायची.

"आन् बहिर्जी? त्यो जेवला का न्हाई?"

"जेवला आसंल की."

"आसंल काय? रातच्या रात जागून वाट काढली त्यानं. त्याला आधी वाढलं आसंल म्हाराजांनी."

आजोबा मान डोलवायचे. इतिहासातलं हे एवढं मात्र त्यांनी आजीवर सोडलं होतं.