सॉसच्या बाटलीतलं जुनं भांडण

आज आधी एक काम करा. फ्रिजमधली सॉसची बाटली काढा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. बऱ्याच बाटल्यांवर 'आयएनएस 211' दिसेल. हे सोडियम बेंझोएट. या पांढऱ्या भुकटीवरून अमेरिकेत झालेलं भांडण थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत गेलं होतं.

1902 साल. वॉशिंग्टनमध्ये कृषी खात्याचे मुख्य रसायनतज्ज्ञ हार्वे वायली यांनी बारा तरुण जमवले. जेवण फुकट, पण त्यात बोरॅक्ससारखे पदार्थ मिसळलेले. वर्तमानपत्रांनी या मंडळींना नाव दिलं 'पॉयझन स्क्वॉड'. पुढे बेंझोएटचीही पाळी आली. मुलं आजारी पडली आणि वायलींनी ठरवलं, हे अन्नात नकोच. माझ्यातला इंजिनिअर इथे अडतो, कारण तुलनेसाठी वेगळा गट ठेवलेलाच नव्हता.

1906 मध्ये शुद्ध अन्नाचा कायदा आला. उत्पादकांनी तक्रार केली, तेव्हा थिओडोर रूझवेल्ट यांनी आयरा रेमसन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांचं मंडळ नेमलं. 1909 मध्ये मंडळाने सांगितलं की दिवसाला अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी बेंझोएटने अपाय दिसत नाही. वायली हरले आणि 1912 मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

मग वायली चुकलेच का? आता गंमत बघा. तेव्हाचं बरंचसं केचप कॅनिंग कारखान्यात उरलेल्या टोमॅटोच्या साली आणि गाभ्यापासून बनायचं. असा माल आंबू नये म्हणून बेंझोएट. हाइन्झ कंपनीने पिकलेले चांगले टोमॅटो घेतले, व्हिनेगर आणि साखर वाढवली, आणि बेंझोएटशिवाय केचप टिकवून दाखवलं. म्हणजे वायलींचा दुसरा प्रश्न खरा होता: हा पदार्थ नेमकं काय झाकतोय?

आता थोडं रसायन. बेंझोएट आंबट पदार्थातच नीट काम करतं. तिथे त्याचं बेंझोइक आम्ल होतं, ते यीस्टच्या पेशीत शिरतं आणि तिची वाढ रोखतं. म्हणून सॉस, लोणचं, सरबत यांत चालतं, दुधात फारसा उपयोग नाही. घरी वापरणार असाल तर चिमटीने टाकू नका, काट्यावर मोजा. अमेरिकेतली मर्यादा 0.1 टक्का आहे, म्हणजे किलोला एक ग्रॅम. आधी थोड्या पाण्यात विरघळवा आणि मग मिसळा. थेट आंबट रसात टाकलं तर आम्लाचे कण खाली बसू शकतात. भुकटी डोळ्यांत जाऊ देऊ नका.

आणखी एक. बेंझोएट आणि क जीवनसत्त्व एकत्र असलं, वर ऊन किंवा उष्णता लागली, तर अगदी अल्प प्रमाणात बेंझीन तयार होऊ शकतं, आणि बेंझीनमुळे कॅन्सर होतो. 2006 च्या सुमारास हे पुन्हा चर्चेत आलं आणि काही शीतपेयांची कृती बदलावी लागली. तेव्हा अशा बाटल्या उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका.

थोडक्यात, रेमसन प्रमाणाबद्दल बरोबर होते आणि वायली हेतूबद्दल. लेबल वाचताना दोघांचेही प्रश्न विचारा: किती आहे, आणि कशासाठी?

भेटू पुढच्या भागात!