नदीचा वेग व जलशुद्धि : प्रकाशा येथील तापीच्या निमित्तानें

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यांत तापी व गोमाई यांच्या संगमावर प्रकाशा हें क्षेत्र आहे. यास दक्षिणकाशी म्हणतात व सिंहस्थांत येथें मोठी यात्रा भरते. इ. स. १९५५ मध्यें श्री. बी. के. थापर यांनीं येथील पांढरीचें उत्खनन केलें, तेव्हां ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे अवशेष मिळाले. अर्थात् तीन सहस्र वर्षांहून अधिक काळ मनुष्य येथें या पाण्यावर जगत आला आहे. तें पाणी सांप्रत दूषित झालें असतां, वाहत्या नदीस दोष लागत नाहीं, असें समाधान घाटावर ऐकूं येतें. या समजुतीस शास्त्राधार कितपत आहे, हें पाहणें प्रस्तुत लेखाचें प्रयोजन होय.

आधार म्हणून मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांतील १०८ वा श्लोक दाखविला जातो. परंतु तेथें नदीच्या शुद्धीचें कारण म्हणून वेग सांगितला आहे, पावित्र्य नव्हे. त्याच स्मृतीच्या चौथ्या अध्यायांत (श्लोक ५६) पाण्यांत मलमूत्र, थुंकी वा अन्य अमेध्य टाकण्याचा स्पष्ट निषेध आहे. कौटिल्य याहून पुढें जातो. नागरिकाच्या कर्तव्यांत (२.३६) पुण्यस्थान, उदकस्थान, देवगृह व राजाची मालमत्ता येथें मलविसर्जन करणारास एक पणापासून चढता दंड व मूत्रविसर्जनास त्याच्या निम्मा दंड तो सांगतो; औषध, व्याधि किंवा भय हें निमित्त असल्यास मात्र दंड नाहीं. असा निर्बंध महाराष्ट्रानें १९६९ त व केंद्रानें १९७४ त केला. सारांश, नदीला मळ लागतच नाहीं असें आमच्या शास्त्रकारांनीं मानिलेलें नाहीं.

आतां वेगाचा विचार करूं. वाहत्या पाण्यांत हवा मिसळते. तींतील प्राणवायूच्या साहाय्यानें सूक्ष्म जंतु मळ पचवितात. पाणी तुंबलें व मळ वाढला कीं प्राणवायु संपतो, मासे गुदमरतात. शेतांतील खतांचा अंश उतरल्यास शेवाळ माजतें. आज तापीवर सारंगखेडा व प्रकाशा येथें बंधारे आहेत, खालीं १९७२ त पूर्ण झालेल्या उकाई धरणाचा फुगवटा आहे. शेतीस त्यांचा लाभ मोठा आहे, हें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या वेगावर त्या श्लोकाची भिस्त, तोच पावसाळा सरल्यावर उरत नाहीं. हेतु नष्ट झाल्यावर विधान कसें टिकावें? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादींत देशांतील ३५१ दूषित नदीखंड आहेत. त्यांत तापी, गोमाई व नवापूरची रंगावली या तिन्ही नद्यांचीं नांवें आढळतात.

उपायांविषयीं सुश्रुतानें (सूत्रस्थान, अध्याय ४५) बरेंच लिहिलें आहे. पाणी उकळणें, उन्हांत तापविणें, तप्त लोहगोल बुडविणें हे शुद्धीचे मार्ग. आणि गढूळपणा घालविण्यास कतक म्हणजे निवळी, गोमेद, कमळाचा कंद, शेवाळाचें मूळ, वस्त्र, मोतीं व मणि अशीं सात साधनें. मात्र निवळीनें गाळ बसतो, विरघळलेला मळ जात नाहीं. त्यासाठीं १९१४ त मँचेस्टर येथें जी रीत सिद्ध झाली, तींत सांडपाण्यांत यंत्रानें हवा घालून जंतूंकडून मळ पचविवितात. नदीचा हरपलेला वेगच जणूं हौदांत आणावयाचा! गांवोगांवचें सांडपाणी असें शुद्ध करूनच नदींत सोडणें, हाच खरा मार्ग होय.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या ग्रंथालयांत आली व १९०९ त छापली गेली, म्हणूनच वरील दंडविधान आज आपणांस ठाऊक आहे. स्कंदपुराणांतर्गत समजलें जाणारें तापीमाहात्म्य ज्यांच्या दप्तरीं असेल, त्यांनीं त्यांतील स्नानविधि व घाटावरील निषेध ताडून पाहावे व पाठभेदांसह प्रसिद्ध करावे. नदीची स्तुति सर्वांस पाठ आहे; तिच्या कांठीं काय करूं नये, तें विस्मृतींत गेलें आहे. मनूनेंच सहाव्या अध्यायांत (श्लोक ६७) बजाविलें आहे कीं, निवळीचें फळ पाणी स्वच्छ करतें खरें, पण तिचें केवळ नांव घेतल्यानें पाणी निवळत नाहीं. तापीच्या नामस्मरणासही हाच न्याय लागू आहे.