कुळाची नोंद

बदलापूर स्टेशनावर उतरून पूर्वेच्या बाजूस निघालें, म्हणजे कात्रप लागतें. आज तेथें इमारतींची दाटी आहे आणि गांव कुळगांव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दींत मोडतें. परंतु पूर्वीच्या कल्याण तालुक्यांतील हा सारा प्रदेश भाताचा. पावसावर पिकणारीं खाचरें, बांधावरचीं झाडें आणि चार महिने चिखलांत राबणारें कूळ, हें या भागाचें जुनें चित्र होय. १८५६ सालीं कल्याणहून पळसदरीपर्यंत आगगाडी गेली, आणि या गांवांचें मुंबईशीं नातें जडलें. गाडीनें माणसें मुंबईस गेलीं, नोकरींत शिरलीं. मागें राहिलेली जमीन कोणीतरी कसणें भागच होतें. अशा जमिनी मक्त्यानें किंवा अर्धेलीनें देण्याचा प्रघात कोंकणांत सर्वत्र होता. धनी शहरांत आणि कूळ शेतांत, अशी ही विभागणी होती.

या कुळाची स्थिति कायद्यांत कशी होती आणि एकामागून एक आलेल्या बिलांनीं ती कशी पालटली, हें समजण्यास मूळ कायदा आधीं पाहिला पाहिजे. कारण कोणतेंही बिल कोऱ्या कागदावर लिहिलेलें नसतें. जुन्या कायद्यांतील एखादा शब्द तें काढतें आणि त्या जागीं दुसरा घालतें. तो शब्द कोणता, हें ज्याला कळलें त्याला बिल कळलें.

मूळ कायदा म्हणजे १८७९ चा मुंबई जमीन महसूल कायदा. ठाणें जिल्ह्यांत मुख्यतः रयतवारी पद्धत. तींत सरकार ओळखी तें खातेदाराला. कारण सरकारचा सारा तो भरी. खातेदारानें जमीन दुसऱ्यास कसावयास दिली, तर तो व्यवहार त्या दोघांचा. खंड किती घ्यावा हें करारानें, करार नसेल तर वहिवाटीनें ठरावें, असें कायद्याच्या ८३ व्या कलमांत होतें. कुळाची वहिवाट केव्हां सुरू झाली याचा पुरावा सांपडत नाहीं इतकी ती जुनी असेल, तर त्यास कायमचें कूळ मानावें, अशीही सोय त्यांत होती. परंतु बहुसंख्य कुळांना लागूं पडे तें ८४ वें कलम. ज्याची मुदत ठरलेली नाहीं तें कूळ वर्षाचें. शेतीचें वर्ष ३१ मार्चला संपतें. आणि त्यापूर्वीं तीन महिने लेखी नोटीस दिली म्हणजे वहिवाट संपली.

म्हणजे बापजाद्यांपासून तेंच खाचर लावणारें कूळहि कायद्याच्या दृष्टीनें दरवर्षीं नवें. डिसेंबरांत नोटीस आली कीं मार्चअखेर शेत गेलें. एवढ्या एका भीतीपोटीं अर्धा वाटा मुकाट्यानें दिला जाई. वर घरकामाची वेठ, सणासुदीची भेट, लांकूडफांटा हीं ओझीं येत. बांध घालावा, झाडें लावावीं, खाचर सपाट करावें, असें कुळाला वाटावें तरी कां? जमीन सुधारली तर पुढील वर्षीं खंड वाढे.

ही अडचण कांहीं मुंबई इलाख्यापुरतीच नव्हती. आयर्लंडांत हाच झगडा कैक वर्षें चालला. अखेर १८८१ सालीं ग्लॅडस्टन यांच्या मंत्रिमंडळानें कायदा करून वाजवी खंड, वहिवाटीची शाश्वति आणि हक्क विकण्याची मोकळीक या तीन गोष्टी कुळांना दिल्या. बंगालमध्यें १८८५ सालीं कूळकायदा झाला. मुंबई इलाख्यांत मात्र रयतवारी असल्यामुळें येथें जमीनदारच नाहींत, मग कुळांचा प्रश्न तो कोठला, असा समज बरेच दिवस टिकून राहिला.

तो समज कोंकणानें मोडला. कुलाबा जिल्ह्यांतील चरी येथें १९३३ सालीं नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखालीं कुळांनीं जमीन कसण्याचेंच थांबविलें. तो संप अनेक वर्षें चालला. पुढें १९३५ च्या कायद्यान्वयें निवडणुका होऊन १७५ सभासदांची नवी विधानसभा १९३७ सालीं आली. त्याच वर्षीं १७ सप्टेंबर रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं खोती नष्ट करण्याचें बिल सभागृहांत मांडलें.

त्या बिलाचा गाभा लक्षांत घेण्याजोगा आहे. खोत हा सरकार आणि शेतकरी यांच्यामधील मध्यस्थ. त्याचे हक्क १८८० च्या खोती कायद्यानें पक्के झाले होते. डॉ. आंबेडकरांचें बिल म्हणत होतें कीं, खोताला वाजवी नुकसानभरपाई द्यावी, मध्यस्थाची जागा रद्द करावी, आणि जमीन ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यांत आहे त्यालाच १८७९ च्या महसूल कायद्याखालीं खातेदाराचा दर्जा द्यावा. सरकारशीं थेट नातें, एवढीच मागणी. परंतु तेवढ्यानें गांवाची सारी उतरंड बदलणार होती. १० जानेवारी १९३८ रोजीं हजारों शेतकरी मुंबईस कौन्सिल हॉलवर मोर्चानें गेले. तरीहि बिल मंजूर झालें नाहीं. खोती गेली ती मे १९५० मध्यें, वेगळ्या कायद्यानें.

मात्र त्या दडपणाचा परिणाम झाल्यावांचून राहिला नाहीं. बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळानें १९३९ सालीं कूळकायदा केला. महसूल खातें मोरारजी देसाई यांच्याकडे होतें. या कायद्यानें ‘संरक्षित कूळ’ हा नवा शब्द आणला. १ जानेवारी १९३८ पूर्वीं सतत सहा वर्षें ज्यानें जमीन स्वतः कसली, तें कूळ संरक्षित. खंड थकविला, जमिनीची नासाडी केली, अथवा मालकाला स्वतः कसावयास हवी असली, अशा ठराविक कारणांवांचून त्याला काढतां येणार नव्हतें. ८४ व्या कलमांतील नोटिशीचा धाक प्रथमच बोथट झाला.

पण कायदा होणें वेगळें आणि लागूं होणें वेगळें. नोव्हेंबर १९३९ मध्यें मंत्रिमंडळानें राजीनामा दिला. कायदा १९४१ सालीं कांहीं निवडक भागांत, आणि सबंध इलाख्यांत १९४६ सालीं लागूं झाला. मधल्या काळांत धनी जागे झाले होते. सहा वर्षें भरूं नयेत म्हणून कूळ बदलणें, कुळाला गडी म्हणून दाखविणें, हे उपाय कोणास सुचले नसते तरच नवल. १९४५ च्या जानेवारींत कल्याणजवळ टिटवाळ्यास महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. त्याच वर्षीं उंबरगांव-डहाणूकडील वारली शेतकऱ्यांनीं गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं वेठीविरुद्ध उठाव केला. कात्रपच्या आसपासचा मुलूख या दोन्हींपासून फार दूर नव्हता.

स्वराज्यानंतर १९४८ चें बिल आलें, तेंच पुढें ‘मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम’ झालें. २८ डिसेंबर १९४८ पासून तें अंमलांत आलें. त्यानें जुन्या कायद्यांत काय बदललें? पहिलें, खंड करारावर सोडला नाहीं. कोरडवाहू जमिनीस पिकाचा तिसरा व बागाइतीस चौथा हिस्सा ही कमाल मर्यादा घातली. १९५२ सालीं ती सहाव्या हिश्शावर आली. दुसरें, वहिवाटीची मुदत निदान दहा वर्षें केली. तिसरें, खंडाखेरीज इतर बाबती व वेठ बंद केली. चौथें, कुळानें स्वखर्चानें बांधलेल्या राहत्या घरांतून त्याला सहजासहजीं काढतां येऊं नये, अशी तजवीज केली. पांचवें, कुळाला जमीन विकत घेण्याचा हक्क दिला आणि शेतकरी नसलेल्याच्या हातीं शेतजमीन जाण्यास आडकाठी घातली.

येथें दुसरी बाजूहि ऐकली पाहिजे. सारेच धनी कांहीं सावकार नव्हते. मुंबईत कारकुनी करणारा, गांवीं दोनचार एकर असलेला पांढरपेशा होता. भाताच्या चार खंडींवर वर्ष काढणारी विधवा होती. कायदा या दोघांना आणि शेंकडों एकरांच्या धन्याला एकाच मापानें मोजतो, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती अगदींच पोकळ नव्हती. म्हणून पुढील दुरुस्तींत विधवा, अज्ञान मुलें, अपंग आणि सैन्यांतील माणसें यांच्या जमिनींबाबत कुळाचा खरेदीचा हक्क लांबणीवर टाकला. कायद्यांत दया आली ती अशा वाटेनें.

दुसरीकडे कुळाची फसगतहि चालूच होती. कूळ आपखुषीनें जमीन सोडूं शकतें, एवढी एक फट पुरेशी झाली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वतीनें वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदानपूर यांनीं या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली, ती १९५७ सालीं प्रसिद्ध झाली. कुळांनीं ‘स्वखुषीनें’ दिलेले राजीनामे पुष्कळदां नांवापुरतेच स्वखुषीचे होते, असें तींतून निष्पन्न झालें. धन्याच्या ऋणांत बुडालेल्याची खुषी ती काय असणार! यावर उपाय म्हणून राजीनामा लेखी हवा आणि तो खरोखर मनापासून आहे कीं नाहीं याची मामलतदारानें खातरजमा करावी, या अटी घट्ट झाल्या.

सर्वांत मोठा पालट १९५६ च्या दुरुस्तीनें झाला. स्वतः कसावयास जमीन हवी असलेल्या धन्यानें ३१ डिसेंबर १९५६ पर्यंत कुळाला नोटीस द्यावी व ३१ मार्च १९५७ पर्यंत अर्ज करावा. तसें न झाल्यास १ एप्रिल १९५७ रोजीं, ‘कृषकदिनीं’, कुळानें जमीन खरेदी केली असें मानलें जाईल. किंमत सरकारी आकाराच्या २० पट ते २०० पट, शेतजमीन न्यायाधिकरणानें ठरवावयाची, आणि ती हप्त्यांनीं फेडावयाची. सर्वोच्च न्यायालयानें ही दुरुस्ती वैध ठरविली.

तारखांचा योग पाहण्यासारखा आहे. १८७९ च्या कायद्यांत कुळाचें वर्ष ३१ मार्चला संपत असे, आणि त्याच्या तीन महिने आधीं येणारी नोटीस त्याचें शेत काढून घेई. १९५६ च्या कायद्यानें त्याच डिसेंबरची आणि त्याच मार्चची अट धन्यावर घातली, आणि दुसऱ्या दिवशीं तेंच कूळ खातेदार झालें. पंचांग तेंच राहिलें. भय एका दारांतून उठून दुसऱ्या दारीं जाऊन बसलें.

परंतु मालकी कागदावर मानली गेली तरी ती सिद्ध करावी लागे. न्यायाधिकरणापुढें हजर राहणें, किंमत भरणें, ३२-म कलमाचा दाखला घेणें, ही वाट अडाणी माणसाला सोपी नव्हती. अनेक ठिकाणीं सातबाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यांत कुळाचें नांव तसेंच पडून राहिलें. वर धन्याच्या वारसांचीं नांवें वाढत गेलीं, खालीं कुळाच्या वारसांचीं. जोंवर जमिनीचा भाव भाताचा होता, तोंवर त्याचें कोणास कांहीं वाटलें नाहीं. १९४९ सालीं शेजारीं उल्हासनगर वसलें. पुढें अंबरनाथ, बदलापूर वाढत गेलीं, आणि खाचराचा भाव गुंठ्यावर आला. तेव्हां तीच जुनी ओळ लाखमोलाची झाली.

कुळाला मिळालेली जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवांचून विकतां येऊं नये, असें ४३ व्या कलमांत होतें. हेतु असा कीं, कष्टानें मिळालेली जमीन पहिल्याच अडचणींत सावकाराकडे परत जाऊं नये. २०१४ सालीं महाराष्ट्र विधिमंडळानें हें कलम सैल केलें. दाखला मिळून दहा वर्षें झालीं असल्यास, आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून जमीन विकतां येते. ज्या कुळाच्या नातवाला शिक्षण किंवा घर यांसाठीं पैसा हवा, त्याला ही सवलत योग्य वाटते. ज्याला शेतीच टिकावी असें वाटतें, त्याला ती धोक्याची वाटते. दोघेंहि आपापल्या जागीं खरे आहेत.

नव्या बिलाची वार्ता वर्तमानपत्रांत येते तेव्हां वाचक बहुधा त्याचें नांव वाचतो आणि पान उलटतो. कुळाच्या इतिहासावरून एवढें दिसतें कीं, नांवापेक्षां तीन गोष्टी पाहाव्यात: जुन्या कायद्याचें कोणतें कलम बदलतें, तें कोणत्या तारखेपासून बदलतें, आणि मधल्या काळांत दुबळ्याला कोण जपतो. १९३९ च्या कायद्यांत पहिली गोष्ट नीट होती. दुसरी लांबली, आणि तिसरीचा विचारच झाला नव्हता. त्याची किंमत कित्येक कुळांनीं शेत गमावून दिली. ज्यांच्या घरीं जुने सातबारे, खंडाच्या पावत्या अथवा ३२-म चे दाखले पडून असतील, त्यांनीं ते एकदां काढून पाहावेत. धन्याचे वंशज असोत कीं कुळाचे, त्या कागदांवर दोघांच्याहि घराण्यांचा इतिहास आहे.